ओढ एकच, अडवणारे अनेक

खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या डोंगरमाथ्यावर पावसाळ्यात पडणाऱ्या पाण्याला दोन वाटा फुटतात. माथ्याच्या पूर्वेला पडलेले पाणी मलप्रभेत जाते, सुमारे ३०० किलोमीटर चालून कूडलसंगमाला कृष्णेस मिळते आणि सगळे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचते. पश्चिमेला पडलेले पाणी म्हादईच्या खोऱ्यात उतरते, गोव्यात मांडवी हे नाव घेते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. तरीही मलप्रभा त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते. दोन्ही नद्यांना ओढणारी शक्ती एकच, तिचा जोरही तोच, आणि तिची दिशाही तीच, म्हणजे सरळ पृथ्वीच्या मध्याकडे. त्या ओढीला पूर्व-पश्चिम कळत नाही, समुद्र जवळ आहे की लांब हेही कळत नाही. पाण्याची दिशा ठरवते ती त्याला खाली जाऊ न देणारी जमीन. सह्याद्रीची कडा पश्चिमेला एकदम तुटते आणि पूर्वेला पठार हळूहळू कलत जाते, म्हणून शेजारी पडलेल्या दोन सरी वेगवेगळ्या समुद्रांना जातात. गुरुत्वाकर्षणाविषयी बोलताना आपण सगळा भर ओढणाऱ्या पृथ्वीवर देतो. माझे म्हणणे असे की आपल्या आजूबाजूला वस्तूंचे जे काही होते ते समजून घ्यायचे, तर आधी अडवणाऱ्याकडे पाहायला हवे. ओढ जवळजवळ सगळीकडे सारखी असते. बदलतो तो अडथळा.

ही ओढ नेमकी काय आहे, हे आधी पाहू. पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे खेचते ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पुरा केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. आकाशातली जड वस्तू तिच्यामुळे पृथ्वीकडे ओढली जाते आणि आपल्याला ती पडल्यासारखी दिसते, असे ते सांगतात. आकाश सगळीकडून सारखेच असताना खुद्द पृथ्वीने पडायचे तरी कुठे, असा बिनतोड प्रश्नही ते विचारतात. त्यांचे गाव विजापूरकडचे की खानदेशातल्या पाटणजवळचे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यांच्या युक्तिवादाचे तेज त्याने कमी होत नाही. मग न्यूटनने नवे काय सांगितले, असे कोणी विचारील. न्यूटनने हिशेब दिला. विश्वातली प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते, ही ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि अंतर दुप्पट झाले की एक चतुर्थांश होते, हा नियम त्याने १६८७ मध्ये मांडला आणि चंद्रावर ताडून पाहिला. पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर, त्याच्या साठ पट दूर चंद्र आहे. म्हणजे तिथे ओढ ३६०० पटींनी कमी हवी. इथे सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते, तर चंद्र आपल्या सरळ वाटेपासून सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. आकडे जुळतात. पुढे १७९८ मध्ये कॅव्हेंडिशने शिशाच्या गोळ्यांमधली अत्यंत क्षीण ओढ मोजली आणि ही शक्ती एकट्या पृथ्वीची मक्तेदारी नाही हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. भास्कराचार्यांनी कारण ओळखले, न्यूटनने त्याचे माप दिले. एकाचा मान राखण्यासाठी दुसऱ्याला लहान करण्याचे कारण नाही.

आता पहिली हरकत. ओढ सगळ्यांना सारखीच, तर दगड धपकन का पडतो आणि तंबाखूचे वाळके पान तरंगत का येते? जड वस्तू जास्त वेगाने पडते, हे तर डोळ्यांना रोज दिसते. ही हरकत हजारो वर्षे टिकली, कारण ती निरीक्षणातूनच आलेली आहे. पण त्या निरीक्षणात हवा धरलेली नाही. जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते हे खरेच. मात्र तिला हलवायलाही तितकाच जास्त जोर लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना फेडतात आणि वेग वाढण्याचे मान सर्वांना एकच राहते, सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस एकाच वेळी सोडले. तिथे हवा नाही, म्हणून दोन्ही एकदमच जमिनीला टेकले. आपल्याकडे याचा पुरावा दर मृगात अंगावर पडतो. दोन किलोमीटर उंचीवरच्या ढगातून सुटलेला थेंब, हवा नसती, तर ताशी सातशे किलोमीटरच्या वेगाने खाली आला असता. कौले आणि पिके त्याच्यापुढे टिकली नसती. प्रत्यक्षात मोठ्यात मोठा थेंब ताशी तीसेक किलोमीटरने पडतो, कारण वेग वाढेल तसा हवेचा अडसरही वाढतो. ओढ आणि अडसर यांची बरोबरी झाली की थेंबाचा वेग वाढायचा थांबतो. बारीक थेंब आणखी सावकाश येतात, धुक्याचे कण जवळपास तरंगतातच. ओढीचे मान सगळ्यांना एक आहे, हवेने अडवण्याचे नाही.

हवेच्या जागी खडक आला की काय होते, ते पाहायला गोकाकला जावे. घटप्रभेचे पाणी तिथे वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. हा कडा कठीण म्हणूनच धबधबा झाला. खडक मऊ असता तर नदीने तो केव्हाच कापून उतार सारखा करून टाकला असता. हवेचा अडसर सोडून हिशेब केला तर पाणी सव्वातीन सेकंदांत तळाला पोहोचेल आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ११५ किलोमीटरच्या घरात असेल. खरे पाणी फुटते, तुषार होते, हवेत झगडते, म्हणून ते थोडे मागे राहते. पडणाऱ्या प्रत्येक घनमीटर पाण्यातून सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर एक युनिट विजेएवढी ऊर्जा मिळायला सात हजार लिटर पाणी त्या कड्यावरून पडावे लागते, आणि टर्बाइन व जनित्रातली घट धरली तर त्याहूनही अधिक. १८८५ च्या सुमारास इथे उभी राहू लागलेली सूतगिरणी याच पाण्याच्या जोरावर चालली, आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या जलविद्युत केंद्रांत गोकाकचे नाव घेतात, त्याचे साल १८८७ सांगितले जाते. यंत्र चालवायला पाणी नुसते पडून चालत नाही. त्याला पात्यांनी अडवावे लागते. न अडवलेले पाणी तळाच्या डोहात आदळते आणि त्याची सगळी ऊर्जा खळाळ आणि उष्णता यांत संपते. ती उष्णताही किती, तर पाण्याचे तापमान एक अंशाच्या आठव्या भागाइतके वाढवण्यापुरती.

यावरून काहींना मोह होतो की गुरुत्वाकर्षण फुकटचे आहे, तेव्हा त्याच्यावर कायम चालणारे यंत्र का करू नये? अशा चक्रांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात आणि चांगली शिकलेली माणसेही त्यांना भुलतात. उत्तर आपल्या जुन्या विहिरींवरच्या मोटेत आहे. मोटेचे बैल धावेवरून, म्हणजे मुद्दाम केलेल्या उतारावरून, खाली चालत. त्यामुळे त्यांच्या अंगचे वजन नाडा ओढायला मदत करी आणि भरलेली मोट वर येई. शेतकऱ्याने गुरुत्वाकर्षण कामाला जुंपले होते, ते असे. पण मोट थारोळ्यात रिकामी झाली की त्याच बैलांना धाव मागे चढावी लागे, आणि ती चढायला लागणारी शक्ती वैरणीतून येई. उतरताना जे मिळाले ते चढताना परत द्यावेच लागते, शिवाय चाकाच्या घर्षणात गेलेले वेगळे. गोकाकचे पाणीही याला अपवाद नाही. ते समुद्रातून उचलून सह्याद्रीवर नेण्याचे काम सूर्य करतो आणि मोसमी वारे ते वाहून आणतात. गुरुत्वाकर्षण फक्त ठेव परत करते, ती ठेवणारा दुसराच असतो. म्हणून बाहेरून काहीच न घेता चालणारे चक्र कोणी विकायला आणले, तर त्याला एवढेच विचारावे की वजन परत वर कोण नेते.

माझ्या मुद्द्याला खरा धक्का देणारी हरकत वेगळीच आहे. ओढ सगळीकडे सारखी असते, हेच मुळात तंतोतंत खरे नाही. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते, म्हणून विषुववृत्तावर ते मान ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ भरते. फरक अर्ध्या टक्क्याचा. १६७२ मध्ये ज्याँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने पॅरिसचे लंबकाचे घड्याळ दक्षिण अमेरिकेतल्या केयेन इथे नेले, तेव्हा ते दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले, आणि या फरकाचा माग लागला. ही हरकत मी मान्य करतो. तिचे मोल किती ते मात्र मोजून पाहू. बेळगाव दिल्लीपेक्षा विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, म्हणून तिथली ओढ दिल्लीपेक्षा हजारात सुमारे एका भागाने कमी. दिल्लीत जुळवलेला इलेक्ट्रॉनिक काटा फेरजुळणी न करता इकडे आणला, तर वीस टन उसाच्या ट्रॉलीला तो वीसेक किलो कमी दाखवील. जुन्या दांडीच्या तराजूत ही अडचण येत नव्हती, कारण ओढ कमी झाली तर दोन्ही पारड्यांवर सारखीच कमी होते. इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजत नाही. गाडीला खाली जाऊ न देण्यासाठी त्याला स्वतः किती जोर लावावा लागला, तेवढेच तो सांगतो. म्हणूनच काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाण वजने ठेवून जुळवावा लागतो. उसाच्या काट्यावरून शेतकऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे संशय आहे, तेव्हा हे माहीत असलेले बरे. दिल्ली आणि बेळगाव यांच्यात निसर्गाने पडणारा फरक हजाराला एक किलोच्या आसपास आहे, आणि जुळणी नीट केली तर तोही उरत नाही. त्याहून मोठी तूट आली तर तिचे कारण काट्यात किंवा माणसात शोधावे, पृथ्वीवर ढकलू नये.

अडवणाऱ्याचे बळ किती असू शकते, हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत दिसते. वितळलेले लोखंड साच्यात ओतले जाते, ते स्वतःच्या वजनाने कानाकोपऱ्यात उतरते. इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे. पण साच्याच्या वरच्या पेटीवर वजने ठेवलेली किंवा ती खालच्या पेटीला आवळून धरलेली असते. कारण हा जड रस खाली जायला धडपडतो आणि वाटेतल्या हलक्या वस्तूला वर लोटतो. वितळलेले लोखंड पाण्याच्या सुमारे सातपट जड असते, म्हणून वाळूचा गाभा त्यात तरंगू पाहतो आणि वरची पेटी उचलली जाऊ शकते. तसे झाले की रस बाहेर फुटतो, माणसे भाजतात. खाली ओढणाऱ्या शक्तीतून वर लोटणारा जोर निर्माण होतो तो असा. विहिरीत पोहणाऱ्याला उचलणारे पाणी आणि मांडवीतली होडी यांच्यामागेही हेच आहे. राधानगरीसारख्या दगडी धरणात याच शक्तीचा तिसरा प्रकार दिसतो. तिथे पाणी भिंतीला आडवे ढकलते आणि भिंत केवळ स्वतःच्या वजनावर जागेवर ठाम राहते. म्हणजे पाण्याला ओढणारी शक्तीच भिंतीला जमिनीत रुतवून त्याला अडवते.

मग अंतराळवीर तरंगतात ते कसे? तिथे गुरुत्वाकर्षण नसतेच, असे पुष्कळांना वाटते, आणि शाळेच्या वर्गातही ते सर्रास सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. न्यूटनच्या नियमाने तिथली ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नव्वद टक्के भरते. ती नसती तर स्थानक सरळ रेषेत निघून गेले असते. ते ताशी सुमारे २७,६०० किलोमीटरने आडवे धावत असते आणि धावता धावता पडत असते. पण जितके पडते तितकीच गोल पृथ्वी त्याच्याखालून वळत जाते. आतला माणूसही त्याच वेगाने पडतो, म्हणून त्याच्या पायाखाली त्याला अडवणारे काहीच उरत नाही. आपल्याला जे वजन जाणवते ते जमिनीने तळपायाला दिलेल्या उलट रेट्यामुळे. अडवणारा गेला की वजनाची जाणीव गेली, ओढ मात्र जागेवरच असते. माझ्या म्हणण्याला याहून स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर तवंदी घाट आठवावा. निपाणीहून संकेश्वरकडे जाताना लागणाऱ्या या घाटातून पुणे-बेंगळुरू महामार्गाची अवजड वाहतूक रात्रंदिवस चढते-उतरते. चाळीस टनांचा ट्रक शंभर मीटर खाली उतरतो तेव्हा सुमारे चार कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. सव्वाशे लिटर पाण्याला उकळी फुटावी इतकी ही उष्णता. ती कुठेतरी जायलाच हवी. चालकाने खालचा गिअर ठेवला तर तिचा मोठा वाटा इंजिन पचवते. गाडी न्यूट्रल केली तर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, त्यांची पकड सुटते आणि मग उतार तोच असूनही त्याला अडवणारा कोणी उरत नाही. न्यूट्रल केल्याने डिझेल वाचते, असा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याच्या इंजिनांत तो उलटा पडतो. गिअरमध्ये उतरताना इंजिनचा इंधनपुरवठा बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरतो.

दरडींची गोष्ट याहून गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळिये, १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिन्ही गावे जुलैत, भर पावसात गाडली गेली. मे महिन्यात त्या डोंगरांचा उतार तेवढाच होता आणि पृथ्वीची ओढही तेवढीच. बदलला तो धरून ठेवणारा. पाण्याने मातीचे वजन वाढते, म्हणजे ओढही वाढतेच, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पण वाढलेले वजन मातीला उतारावर अधिक दाबूनही धरते. निर्णायक ठरतो तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत साठलेल्या पाण्याचा दाब. तो कणांना एकमेकांपासून उचलतो, घर्षण घटते आणि अख्खा थर सुटतो. पाण्याला वाट काढून दिली, उताराचा पायथा खोदला नाही, मुळांनी माती धरून ठेवणारी झाडे राहू दिली, तर तोच डोंगर तसाच उभा राहू शकतो. चोर्ला आणि आंबोलीच्या घाटांत रस्ता रुंद करताना कडेची नाली आणि कातलेल्या उताराचा कोन यांना डांबराइतकेच महत्त्व द्यायला हवे, ते यासाठी.

दुर्घटनेनंतर निसर्गापुढे कोणाचे चालत नाही, असे म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे. हे वाक्य अर्धेच खरे आहे. पृथ्वीची ओढ कोणालाही कमी करता येत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर दोष टाकून काही साधत नाही. उताराची नाली, ट्रकचा ब्रेक, फौंड्रीतल्या साच्यावरचे वजन, उसाचा काटा या मात्र माणसाच्या हातातल्या गोष्टी आहेत. त्यांची निगा राखायची की नाही हे पंचायत, रस्ते बांधणारे खाते, कारखाना आणि चालक ठरवतात. शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवताना झाडावरून पडणाऱ्या फळाशी थांबू नये. ते फळ इतके दिवस फांदीला का टिकून होते, हाही प्रश्न मुलांना विचारावा. त्याच्या उत्तरातून त्यांना अभियांत्रिकी कळेल, आणि एखाद्या पावसाळ्यात त्याच उत्तराने एखादे गाव वाचेल.